पाटीवरचे तारे आणि मीटरवरची युनिटं: इमारतीचं ऊर्जा मानांकन कसं वाचायचं, कसं मिळवायचं

मे महिन्यातली रात्र, साडेदहा वाजलेले. आमच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, की नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखी ऊब लागायची. सूर्य मावळून साडेतीन तास झालेले, बाहेर पुण्याची ती ओळखीची झुळूक सुटलेली, आणि आत एसी लावल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही. हे घर आम्ही घेतलं तेव्हा गेटवर भली मोठी हिरवी पाटी होती. पानाचं चित्र, त्याखाली तारे, त्याखाली ‘वीजबिलात बचत’.

पुढे सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा ऑफिसच्या कपाटातल्या सगळ्या फायली जमिनीवर काढून बसले. तारे मिळाल्याचा कागद सापडला, पण ते पूर्व-प्रमाणपत्र होतं. म्हणजे पाया खणण्याआधी, नकाशे आणि आश्वासनं पाहून दिलेलं. इमारत बांधून झाल्यावर पुराव्यांसह मिळवायचं अंतिम प्रमाणपत्र बिल्डरने घेतलेलंच नव्हतं. आम्ही ८४ कुटुंबांनी घरं घेतली आणि त्यातल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. मानांकन दोन वेगवेगळ्या इमारतींना मिळतं. एक कागदावरची इमारत, दुसरी माणसं राहत असलेली. तुमच्यासमोर ठेवलेला कागद यातल्या कुठल्या इमारतीचा आहे, हे कळलं की पुढची निम्मी गुंतागुंत सुटते.

आधी नावं नीट लावून घेऊ

‘ग्रीन सर्टिफिकेट’ या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी फिरतात.

पहिली संहिता. ही किमान अट असते, बक्षीस नव्हे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे आपण ज्याला बीईई म्हणतो ती संस्था २००२ मध्ये सुरू झाली. ऑफिस, मॉल, हॉस्पिटल अशा व्यावसायिक इमारतींसाठी ईसीबीसी ही संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. घरांसाठी मात्र डिसेंबर २०१८ उजाडावा लागला, तेव्हा ‘इको निवास संहिते’चा पहिला भाग आला. तो भिंती, छत आणि खिडक्यांपुरता आहे. सामायिक दिवे, पंप, लिफ्ट आणि सौरऊर्जा २०२१ च्या दुसऱ्या भागात आली. २०२२ च्या कायदादुरुस्तीने किमान १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या उपकरणांची एकूण क्षमता) किंवा १२० केव्हीए करार-मागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) असलेल्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र राज्य आणि महापालिकेच्या बांधकाम नियमांतूनच होते. त्यामुळे तुमच्या गावात काय लागू आहे ते नगररचना विभागात किंवा चांगल्या आर्किटेक्टला विचारूनच धरा.

दुसरी गोष्ट हरित मानांकन. हे ऐच्छिक असतं आणि ऊर्जा हा त्यातला फक्त एक विषय. पाणी, कचरा, झाडं, बांधकामाचं साहित्य या सगळ्यांचे गुण असतात. टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘ग्रिहा’ एक ते पाच तारे देते: २५ ते ४० गुणांना एक तारा, ८६ च्या पुढे पाच. सीआयआय या उद्योगसंघटनेशी जोडलेली, हैदराबादला मुख्यालय असलेली आयजीबीसी ही संस्था सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा श्रेणी देते. लीड ही अमेरिकेची पद्धतही याच श्रेणी वापरते. जागतिक बँक समूहातल्या आयएफसीची ‘एज’ त्यामानाने सरळ आहे: ऊर्जा, पाणी आणि साहित्यात सामावलेली ऊर्जा, तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवा.

तिसरी गोष्ट ऊर्जा लेबल. बीईई २००९ पासून चालू इमारतींना तारे देते. सुरुवात ऑफिसांपासून झाली. इथे प्रत्यक्ष वीजबिलं मोजली जातात, म्हणून मला हा सगळ्यात प्रामाणिक प्रकार वाटतो. जिथली वीजखरेदी आणि सौरनिर्मिती जवळपास एकमेकींना भागवतात, अशा इमारतींसाठी ‘शून्य’ नावाचं वेगळं लेबल आहे.

पाच तारे म्हणजे ऊर्जेत पाच तारे, असं धरू नका. पाणी आणि कचऱ्यात भरघोस गुण मिळवून ऊर्जेत जेमतेम पास झालेली इमारतही वरच्या श्रेणीत बसू शकते. गुणपत्रिका मागितल्याशिवाय हे कळत नाही.

फ्लॅट घेताय? विक्री ऑफिसात हे कागद मागा

नोंदणी, पूर्व-प्रमाणपत्र आणि अंतिम प्रमाणपत्र या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ब्रोशरवर ‘आयजीबीसी रजिस्टर्ड’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फी भरून नाव नोंदवलं, एवढाच. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मानांकनाची आवृत्ती आणि तारीख लिहून घ्या. मानांकन संस्था आपल्या प्रकल्पांच्या याद्या जाहीर करतात, तिथे ताडून पाहा.

अंतिम प्रमाणपत्राचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून) हरित इमारतीला जादा एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा) मिळतो. ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयच्या ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. कबूल केलेलं मानांकन मिळालं नाही तर दंडाची तरतूदही त्यातच आहे. तेव्हा थेट विचारा: या प्रकल्पाने हा जादा एफएसआय घेतलाय का? घेतला असेल तर अंतिम प्रमाणपत्र कधी देणार, ते करारनाम्यात लिहून घ्या. तोंडी ‘हो हो, येईल ना’ यावर विसंबू नका. आमचा अनुभव तोच आहे.

मग गुणपत्रिका मागा आणि त्यातलं ऊर्जेचं पान उघडा. आणि शेवटचा कागद, जो बहुतेक विक्री ऑफिसांत कुणी मागितलेला नसतो: आरईटीव्हीचं गणित.

भिंत, छत, खिडकी: इथे थोडं थांबू या

उन्हाळ्याच्या दिवसांत भिंती आणि खिडक्यांतून दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते, तो आकडा म्हणजे आरईटीव्ही. २०१८ च्या इको निवास संहितेत थंड प्रदेश सोडून बाकी देशासाठी त्याची मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर आहे. जितका कमी तितकं चांगलं. छत यात धरत नाहीत, त्याची वेगळी मर्यादा आहे. आर्किटेक्टकडे ही शीट असलीच पाहिजे. नसेल तर संहितेचा विचारच झालेला नाही, हे समजून घ्या.

आता आमच्या त्या गरम भिंतीकडे येते. हल्लीचे बरेच टॉवर मिवान शटरिंगने बांधतात, म्हणजे वीट नाही, ब्लॉक नाही, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. काम झपाट्याने होतं, इमारत मजबूत होते, गळती कमी. याबद्दल माझी तक्रार नाही. पण उष्णतेच्या बाबतीत १५०-१६० मिलिमीटरची काँक्रीटची भिंत अगदी मोकळ्या हाताची असते. भिंतीच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट पलीकडे जातात, याला यू-मूल्य म्हणतात. काँक्रीटच्या भिंतीचं यू-मूल्य साडेतीनच्या पुढे जातं. प्लॅस्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचं दोनच्या आसपास असतं. २०० मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचं एकाहूनही कमी. म्हणजे त्याच उन्हात काँक्रीटची भिंत ब्लॉकच्या भिंतीच्या चौपट उष्णता आत सोडते. शिवाय काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन ठेवतं आणि रात्री ते खोलीत सोडतं. साडेदहाची ती ऊब दुपारी तीनची असते.

उपाय आहेत, आणि ते आधी केले तर स्वस्त पडतात. पश्चिमेच्या खिडक्यांवर पुरेसा छज्जा, बाहेरून फिकट रंग, गरज तिथे इन्सुलेशन. विक्री ऑफिसात विचारायचं वाक्य सोपं आहे: “पश्चिमेची भिंत कशाची आहे, आणि तिचं यू-मूल्य किती?” उत्तर मिळालं नाही तरी चालेल. तुम्ही विचारलंय हे वरपर्यंत पोचतं.

छताच्या यू-मूल्याची संहितेतली मर्यादा १.२ आहे. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचं यू-मूल्य त्याच्या दुपटीहून अधिक असतं. ब्रिकबॅट कोब्याने (विटांच्या तुकड्यांच्या थराने) थोडा फरक पडतो, पण कोबा मुळात वॉटरप्रूफिंगसाठी असतो. वरच्या मजल्याचा फ्लॅट घेत असाल तर ‘स्लॅबवर इन्सुलेशन आहे का, किती मिलिमीटर?’ हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता खिडकी. हे गणित घरी बसून टेप घेऊन करता येतं, आणि प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

दमट-उष्ण प्रदेशात घराच्या कार्पेट क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश एवढी *उघडणारी* जागा हवी, असं संहिता सांगते. उघडणारी, हा शब्द महत्त्वाचा. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी निम्मीच उघडते. तीन ट्रॅकची साधारण दोन तृतीयांश. बिजागरीची, झडपांची खिडकी ९० टक्के धरतात.

समजा ६५० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे. हॉलला बाल्कनीचा ७ बाय ७ चा सरकता दरवाजा, दोन बेडरूमना ५ बाय ४ च्या खिडक्या, स्वयंपाकघराला ३ बाय ४ ची. सगळ्या दोन ट्रॅकच्या. उघडणारं क्षेत्र साडेचोवीस, दहा, दहा आणि सहा, म्हणजे एकूण साडेपन्नास चौरस फूट. कार्पेटच्या जेमतेम पावणेआठ टक्के. हवे होते १०८ चौरस फूट. त्याच मापांत सगळीकडे झडपांच्या खिडक्या बसवल्या तर आकडा १४ टक्क्यांवर जातो, तरीही कमीच. जिना किंवा कॉरिडॉरकडे उघडणारा मुख्य दरवाजा यात धरायचा नाही, कारण तिथून बाहेरची हवा येत नाही. वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्यांना आताच्या फ्लॅटमध्ये घुसमट का होते, त्याचा बराचसा उलगडा या एका बेरजेत आहे.

ही टक्केवारी हवामानानुसार बदलते. मुंबई, कोकण आणि गोवा दमट-उष्ण विभागात येतात हे पटकन पटतं. पुण्यालाही संहितेच्या यादीत दमट-उष्णच धरलंय, हे बऱ्याच पुणेकरांना नवीन असतं. सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर उष्ण-कोरड्या विभागात येतात, तिथे १० टक्के पुरतात. नागपूर मिश्र विभागात, तिथे साडेबारा. त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकाने सांगितलेला उपाय रत्नागिरीत जसाच्या तसा लावू नका.

पडद्यांबद्दलही सांगते. पश्चिमेच्या काचेला आतून जाड पडदा लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. ऊन काच ओलांडून आत आलंच, आता ते पडदा तापवतं आणि पडदा खोली. अडवायचं ते बाहेर. आम्ही बाल्कनीच्या कठड्याबाहेर जाणार नाहीत अशा बेताने बांबूच्या चिका टांगल्या. सोसायटीची परवानगी घेऊन, सगळ्यांनी एकाच रंगाच्या. भिंत अजून तापते, पण खोलीतला फरक पहिल्याच आठवड्यात कळला.

जुन्या सोसायटीने कुठून सुरुवात करायची

सल्लागाराला बोलावण्याआधी एक वही करा. मागच्या बारा महिन्यांची सामायिक मीटरची बिलं काढा आणि रुपये सोडून फक्त *युनिटं* लिहा. दर वाढतात, इंधन समायोजन आकार येतो-जातो, रुपयांवरून काहीच कळत नाही. महिन्याच्या युनिटांना फ्लॅटच्या संख्येने भागा. ८४ फ्लॅट आणि महिन्याला ५,०४० युनिटं असतील तर फ्लॅटमागे ६०. हा तुमचा आरंभाचा आकडा. पुढचं प्रत्येक काम याच आकड्यावर तपासायचं.

स्वतःच्या घरासाठी इपीआय, म्हणजे ऊर्जा वापराचा निर्देशांक काढा. वर्षाची युनिटं भागिले चौरस मीटर. ६५० चौरस फूट म्हणजे साधारण ६०.४ चौरस मीटर. वर्षाला २,४०० युनिटं जळत असतील तर इपीआय ४० च्या आत-बाहेर. बीईईचे ऑफिस इमारतींचे तारेही याच आकड्यावर ठरतात. २००९ च्या मूळ योजनेत दमट-उष्ण प्रदेशात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या ऑफिसला पाच तारे मिळवायला इपीआय १०० च्या खाली लागत होता. घराची तुलना ऑफिसशी करू नका, वापराची तऱ्हाच वेगळी. तुलना करायची ती तुमच्याच मागच्या वर्षाशी.

आता या लेखातलं माझ्या सर्वात जवळचं काम: रात्रीचं मीटर वाचन.

एका रात्री दोन वाजता आमचे वॉचमनकाका आणि मी मीटर रूममध्ये उभे होतो. लिफ्ट थांबलेल्या, पाण्याचा पंप बंद, जिन्यातले दिवे आम्ही मुद्दाम बंद केलेले. म्हणजे मीटरवर जवळपास काहीच नको. पण मीटरवरचा छोटा लाल दिवा ठकठक लुकलुकत होता. मीटरच्या पुढच्या भागावर एका युनिटला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर १,६०० होता. काकांनी घड्याळ धरलं, मी मोजलं: मिनिटाला ४८. आता ४८ गुणिले ६० भागिले १,६००, म्हणजे १.८ किलोवॅट. सगळं बंद असताना दोन घरांच्या एसीएवढी वीज कुठेतरी चालली होती.

आम्ही एकेक एमसीबी (सर्किट बंद करायचा स्विच) खाली करत गेलो. गच्चीवरच्या प्रेशर पंपाचा खाली केल्यावर दिवा मंदावला. वर जाऊन पाहिलं, तर वरच्या दोन मजल्यांसाठी बसवलेला तो पंप दर काही मिनिटांनी आपोआप चालू होत होता, कारण त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब होऊन पाणी मागे जात होतं. किती महिने, कुणास ठाऊक. काही शे रुपयांचा व्हॉल्व्ह बदलला आणि तो लाल दिवा शांत झाला. काका पुढचा आठवडाभर रोज रात्री स्वतःहून लुकलुक मोजून वहीत लिहीत होते.

हे करताना एक काळजी घ्या. मोठ्या सोसायटीत मीटर सीटी पद्धतीचा, म्हणजे प्रवाहाचा ठरावीक अंशच मोजणारा असतो, तिथे बिलावरचा एमएफ म्हणजे गुणक आकड्याला लावावा लागतो. आणि एमसीबीशी खेळ इलेक्ट्रिशियन सोबत असतानाच. फायर पंप, लिफ्टचं आपत्कालीन सर्किट आणि कुणाच्या घरात वैद्यकीय उपकरण असेल तर ती लाइन यांना हात लावायचा नाही.

कामांचा क्रम

आधी गळती आणि वेळा. पंपाचे व्हॉल्व्ह, वाहून जाणाऱ्या टाक्या, दिवसा जळत राहणारे दिवे, बेसमेंटचे चोवीस तास फिरणारे पंखे. यात खर्च नगण्य आणि फायदा लगेच.

मग पार्किंगचे दिवे. जुन्या ३६ वॅटच्या ट्यूबला चोकसह ५० वॅट लागतात. ६० ट्यूब १२ तास म्हणजे दिवसाला ३६ युनिटं. २० वॅटचे एलईडी लावले तर १४.४. मधल्या निम्म्या दिव्यांना सेन्सर लावला की आणखी उतरतं. सगळ्यांना सेन्सर लावू नका. वयस्कर माणसं आणि मुली रात्री अंधाऱ्या पार्किंगमध्ये पाऊल टाकायला कचरतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) असेल तर त्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरकडे पाहा. अनेक मोठ्या सोसायट्यांत सामायिक विजेचा मोठा वाटा तिथेच जातो. टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन मोजून ब्लोअरच्या वेळा ठरवता येतात, पण ते काम एसटीपी चालवणाऱ्या जाणकाराचं. वीज वाचवायला एसटीपी बंद ठेवणारी समिती पाहिली की मला खरंच राग येतो. ते सांडपाणी कुणाच्या तरी नदीत जातं.

गच्ची हा पुढचा टप्पा. ऊन परतवणारा पांढरा लेप किंवा चायना मोझॅक. व्यावसायिक इमारतींच्या संहितेत थंड छताचं परावर्तन किमान ०.६० धरलंय, तेव्हा कोटेशनमध्ये हा आकडा आणि त्याचा चाचणी अहवाल लिहून मागा. नुसता ‘हीट प्रूफ पेंट’ हा शब्द पुरेसा नाही. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग तपासून मगच लेप, नाहीतर दोन्ही खर्च वाया.

घरातल्या वस्तूंच्या ताऱ्यांबद्दल एवढंच: ताऱ्याला वर्ष असतं. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले आणि पाच ताऱ्यांचे एसी चार ताऱ्यांवर आले. लेबलवरचा कालावधी वाचा आणि आयएसइइआर (एसीच्या कार्यक्षमतेचा आकडा, जितका जास्त तितका चांगला) थेट ताडा. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून तारे सक्तीचे झाले. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसेक. एसी २४ अंशांवर ठेवा. तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा बीईईचा हिशेब आहे.

सौरऊर्जा सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, कारण पॅनेल दिसतात आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दिसत नाही. दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन २०१४ मध्ये सुरू झालं ते ९३० किलोवॅटच्या सौरसंचासह, पण आधी इमारतीची मागणी उतरवली म्हणून तेवढ्यात भागलं. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीरहित गच्ची लागते आणि आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं मिळतात. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पुणे महापालिका सौर, पर्जन्यजल संचय आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असल्याचे फोटो आणि देखभालीची बिलं जपून ठेवा.

प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा, तर

वर्षभराची वही हातात असेल तरच सुरुवात करा. चालू इमारतींसाठी ग्रिहाची वेगळी पद्धत आहे, आणि निवासी सोसायट्यांसाठी आयजीबीसीची. दोन्हींच्या मार्गदर्शिका वाचून आधी स्वतःच गुण मांडून पाहा. सक्तीच्या अटी आधी तपासा, त्यातली एक जरी हुकली तरी बाकीचे गुण कामाला येत नाहीत.

त्यानंतर ऊर्जा लेखापरीक्षण. बीईईची परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक घ्या. महाराष्ट्रात या कायद्याखालची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे, तिच्याकडे चौकशी करा. लेखापरीक्षकाला कामाची व्याप्ती लेखी द्या: पंपांची कार्यक्षमता प्रत्यक्ष प्रवाह मोजून, दिव्यांची यादी, पॉवर फॅक्टर, करार-मागणी आणि प्रत्यक्ष मागणी यांतला फरक. नुसती पाट्यांवरची वॅट लिहून आणलेला अहवाल परत करा.

वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव आणताना तीन आकडे फळ्यावर लिहा: आत्ताची युनिटं, कामानंतर अपेक्षित युनिटं, खर्च. आमच्या सभेत ‘सर्टिफिकेटचा उपयोग काय?’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, उपयोग कागदाचा नाही. बाहेरचा माणूस येऊन आपली वही तपासतो, याचा आहे. ठराव मंजूर झाला, पण फीसाठी नव्हे, आधी पंप आणि दिव्यांसाठी. तो क्रम मला आजही बरोबर वाटतो. दोन वर्षांनी आकडे हातात आल्यावर फीचा विषय पुन्हा आला तेव्हा कुणीच विरोध केला नाही.

माझी बहीण इंग्लंडमध्ये राहते. तिथे घर बांधताना, विकताना किंवा भाड्याने देताना ए ते जी श्रेणीचं ऊर्जा प्रमाणपत्र लागतंच, आणि ते दहा वर्षं चालतं. तिने भाड्याचं घर निवडताना तीन घरांची श्रेणी शेजारी ठेवून पाहिली. आपल्याकडे जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात असं काही मागितलं जात नाही. तोवर तुम्ही विकणाऱ्याकडून वर्षभराची वीजबिलं मागा, आणि बघायला दुपारी चार वाजता जा. एजंट सकाळची वेळ देईल. चारलाच जा, आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावा.

प्रमाणपत्र मिळालं की मुदत पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ग्रिहाचं मानांकन पाच वर्षांचं असतं. समिती बदलते, फायली कपाटात जातात आणि नूतनीकरणाची तारीख निघून जाते. आमची वही आता तिसऱ्या सेक्रेटरीकडे आहे. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी सात वाजता मीटर वाचायचं, युनिटं लिहायची, फ्लॅटने भागायचं आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने आकडा टाकायचा. गेल्या महिन्यातला आकडा ४१ होता.